दुर्बिणीचे आरसे जुळवताना

शाळेत परावर्ती दुर्बीण आहे, पण तिच्यातून काही नीट दिसत नाही. म्हणून ती कपाटावर पडून आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांशी बोलताना ही तक्रार आम्हांला वारंवार ऐकायला मिळते. दुर्बीण आली तेव्हा चंद्रावरची विवरे छान दिसली होती. पुढे स्नेहसंमेलनात ती दाखवायला काढली, मग जीपमधून शेजारच्या गावी नेली, एक-दोन उन्हाळे खोलीत गेले. आता गुरू म्हणजे एक पांढुरका गोळा दिसतो, त्यावरचे पट्टे नाहीत. शनीचे कडे ग्रहापासून सुटे दिसत नाही. तारा तर ठिपक्याऐवजी शेपटी फुटल्यासारखा दिसतो. मग 'आरसाच हलक्या प्रतीचा असणार' असा निष्कर्ष निघतो आणि दुर्बिणीवर धूळ साचू लागते.

अशा दुर्बिणी तपासून पाहिल्या, की बहुतेक वेळा आरसा निर्दोष निघतो. बिघडलेली असते ती आरशांची एकमेकांशी असलेली जुळणी. दुर्बिणी वापरणारे लोक या जुळणीला 'कॉलिमेशन' म्हणतात. ती करायला फार तर अर्धा तास लागतो. खर्च जवळजवळ नाही, आणि लागणारे भौतिकशास्त्र आपण माध्यमिक शाळेत शिकवतोच. म्हणून ही जुळणी म्हणजे काय, ती का बिघडते आणि कशी करायची, हे या लेखात क्रमाने पाहू.

दोन आरसे, एक अक्ष

न्यूटनने १६६८ मध्ये बनवलेल्या पहिल्या परावर्ती दुर्बिणीचा आराखडा आजही शाळांतल्या बहुतेक परावर्ती दुर्बिणींत वापरला जातो. नळीच्या तळाशी अंतर्वक्र मुख्य आरसा असतो. दूरच्या ताऱ्याकडून आलेले समांतर किरण तो एका बिंदूकडे, म्हणजे नाभीकडे वळवतो. पण नाभीपाशी डोळा लावायचा तर आपले डोकेच प्रकाशाच्या वाटेत येईल. म्हणून नाभीच्या थोडे अलीकडे एक छोटा सपाट आरसा ४५ अंशांत तिरपा बसवलेला असतो. तो किरणांना काटकोनात वळवून नळीच्या बाजूला काढतो. तिथल्या सरकत्या नळीत (तिला फोकसर म्हणतात) नेत्रिका बसवायची आणि नाभीपाशी तयार झालेली प्रतिमा तिच्यातून मोठी करून पाहायची.

मुख्य आरशाचा आकार साध्या गोलाचा तुकडा नसतो, तो अन्वस्ताचा असतो. अन्वस्ताचा गुण असा, की त्याच्या अक्षाला समांतर येणारे सगळे किरण तो नेमके एका बिंदूत आणतो. मात्र हे फक्त अक्षाला समांतर असलेल्या किरणांच्या बाबतीत खरे आहे. किरण थोडे तिरपे आले, की आरशाच्या कडेवरून परावर्तित झालेले किरण आणि मध्यावरून परावर्तित झालेले किरण वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. ठिपक्याला एका बाजूला पसरट शेपटी फुटते. धूमकेतूसारख्या या आकारामुळे त्या दोषाला 'कोमा' असे नाव आहे.

म्हणजे अन्वस्ताकार आरशाच्या दृष्टिक्षेत्रात एक लहानसे 'गोड ठिकाण' असते. तिथे प्रतिमा सर्वांत रेखीव असते, आणि तिथून दूर जावे तसा कोमा वाढत जातो. जुळणीचे सारे उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येते : मुख्य आरशाचा अक्ष दुय्यम आरशावरून वळून बरोबर नेत्रिकेच्या मधून गेला पाहिजे. तो बाजूने गेला, तर आपण निर्दोष आरशाच्या सदोष भागातून आकाश पाहत राहतो.

किती हलले म्हणजे बिघडले?

परावर्तनाचा एक परिणाम वर्गात सहज दाखवता येतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत एका सपाट आरशावर टाका आणि भिंतीवरचा कवडसा पाहा. आरसा १० अंशांनी फिरवला तर कवडशाची दिशा २० अंशांनी फिरते. आपाती कोन १० अंशांनी बदलतो, तितकाच परावर्तन कोनही बदलतो, म्हणून बदल दुप्पट होतो. दुर्बिणीत हेच घडते.

आता १५० मिलिमीटर व्यासाच्या आरशाचे उदाहरण घेऊ. त्याच्या मागे तीन स्क्रू असतात. त्यांपैकी एक फिरवला की आरसा उरलेल्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेभोवती कलतो. स्क्रूचे दोन आटे १ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्या रेषेपासून स्क्रूचे अंतर १०० मिलिमीटर आहे असे धरू. स्क्रू पाव फेरा फिरवला, तर तो ०.२५ मिलिमीटर पुढे सरकेल. आरसा ०.२५ भागिले १००, म्हणजे ०.००२५ रेडियनने कलेल. हा कोन सुमारे साडेआठ कलांचा (एक अंश म्हणजे ६० कला) झाला. ताऱ्याची प्रतिमा याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १७ कला सरकेल. चंद्रबिंबाचा व्यास ३१ कलांच्या आसपास असतो. केवळ पाव फेऱ्यात प्रतिमा चंद्रबिंबाच्या निम्म्याहून अधिक सरकली!

आरशाचा अक्ष मात्र आरशाइतकाच कलतो, दुप्पट नाही. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, तर नाभीपाशी अक्ष १२०० गुणिले ०.००२५, म्हणजे ३ मिलिमीटर सरकेल. ताऱ्याची प्रतिमा अक्षाच्या दुप्पट वेगाने सरकते, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

हे ३ मिलिमीटर जास्त की कमी? ते नाभीय गुणोत्तरावर अवलंबून आहे. नाभीय अंतराला आरशाच्या व्यासाने भागले की हे गुणोत्तर मिळते. आपल्या उदाहरणात ते १२०० भागिले १५०, म्हणजे ८ आहे. कोम्याचा उपद्रव जिथे जाणवत नाही त्या गोड ठिकाणाचा व्यास मिलिमीटरमध्ये काढायला एक सोपे सूत्र आहे : नाभीय गुणोत्तराचा घन गुणिले ०.०२२. गुणोत्तर ८ असेल तर हा व्यास सुमारे ११ मिलिमीटर येतो, म्हणजे मध्यापासून साडेपाच मिलिमीटरपर्यंत सवलत आहे. पाव फेऱ्याची चूक ही दुर्बीण पोटात घालते.

आता त्याच व्यासाची पण आखूड, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेऊ. गुणोत्तर ५. गोड ठिकाणाचा व्यास जेमतेम पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून १.४ मिलिमीटर. पाव फेऱ्याने अक्ष सरकेल ७५० गुणिले ०.००२५, म्हणजे १.९ मिलिमीटर. तो गोड ठिकाणाच्या बाहेर गेलासुद्धा! गुणोत्तर ४ असेल तर सवलत ८ च्या दुर्बिणीच्या एक-अष्टमांश उरते. आखूड, सुटसुटीत दुर्बीण नेण्या-आणण्याला सोयीची खरी, पण जुळणीच्या बाबतीत तीच अधिक हट्टी असते. शाळेसाठी दुर्बीण निवडताना हे गणित आधी करून पाहावे. दुर्बिणीचे नाभीय अंतर बहुधा नळीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते.

साहित्य

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत : दुर्बिणीच्या स्क्रूंना बसणारी अॅलन की किंवा स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन कोरे कागद, मार्कर पेन, फायलीतल्या कागदांच्या भोकांना चिकटवतात तसली एक गोल कडी, आणि मध्यभागी भोक असलेले एक टोपण. १९९० च्या दशकात यासाठी कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी सर्रास वापरत, कारण ती सव्वा इंची फोकसरमध्ये नेमकी बसे. आता त्या डब्या दुर्मीळ झाल्या. सव्वा इंची, म्हणजे ३१.७ मिलिमीटरच्या फोकसरमध्ये घट्ट बसेल असे कोणतेही प्लास्टिकचे टोपण चालेल. बरोबर मध्यावर २ मिलिमीटरचे भोक पाडा आणि टोपणाच्या आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवा. या टोपणामुळे डोळा दर वेळी फोकसरच्या अक्षावरच राहतो.

मुख्य आरशाच्या मध्यावर खूण नसेल तर ती एकदाच करून घ्यावी लागते. आरशाच्या व्यासाचे कागदी वर्तुळ कापा, दोनदा घडी घालून त्याचा मध्य काढा आणि तिथे बारीक छिद्र पाडा. आरसा बाहेर काढून त्यावर कागद अलगद ठेवा, काठ जुळवा आणि छिद्रातून मार्करने ठिपका द्या. मग ठिपक्याभोवती कडी चिकटवा. कागद आरशावर घासू नका. चांदीच्या किंवा अॅल्युमिनियमच्या थराला ओरखडे पडतात. आरशावर खूण केल्याने दिसण्यात काही बिघडत नाही का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. नाही, कारण आरशाचा मध्यभाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो. तिथे ताऱ्याचा प्रकाश पोहोचतच नाही.

दिवसा करायचे काम

पहिली जुळणी दिवसा, व्हरांड्यातल्या उजेडात करावी. दुर्बीण सूर्याच्या दिशेला कधीही वळवू नये. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि ती उघडी ठेवून निघून गेल्यास आगही लागू शकते. नळी आडवी ठेवावी. उभ्या नळीत हातातली अॅलन की निसटली तर ती थेट मुख्य आरशावर जाऊन पडेल. एकाने डोळा लावायचा आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचे अशी विभागणी ठेवा. १२०० मिलिमीटरच्या नळीच्या एका टोकाला डोळा आणि दुसऱ्या टोकाला स्क्रू असतात. एकट्याचा हात पुरत नाही. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावण्यासाठी हे आयतेच निमित्त आहे.

पहिली पायरी : दुय्यम आरसा फोकसरच्या समोर आणणे. टोपणातून पाहा. दुय्यम आरशाच्या मागे, फोकसरच्या समोरच्या आतल्या भिंतीवर, एक रंगीत कागद लावा. दोन आरशांच्या मध्ये पांढरा कागद धरा, म्हणजे मुख्य आरशातल्या प्रतिबिंबांचा गोंधळ होणार नाही. आता रंगीत पार्श्वभूमीवर दुय्यम आरशाची कड स्पष्ट दिसेल. ती पूर्ण गोल दिसली पाहिजे आणि फोकसरच्या वर्तुळाच्या मधोमध असली पाहिजे. खरे तर हा आरसा लंबवर्तुळाकार कापलेला असतो. त्याची लांबी रुंदीच्या १.४१४ पट असते, म्हणून ४५ अंशांत तिरपा धरला की तो गोल दिसतो. पुठ्ठ्याचे ५० मिलिमीटर लांब आणि ३५ मिलिमीटर रुंद लंबवर्तुळ कापून मुलांना हे हातात धरून पाहता येईल. आरसा पुढे-मागे असेल तर मधला बोल्ट फिरवून तो सरकवावा. लंबगोल दिसत असेल तर तो आपल्या दांड्याभोवती थोडा फिरवावा.

दुसरी पायरी : दुय्यम आरशाचा कल. मधला कागद काढा. दुय्यम आरशात आता मुख्य आरसा दिसेल. दुय्यम आरशाच्या मागचे तीन छोटे स्क्रू फिरवून, मुख्य आरशाच्या मध्यावरची कडी बरोबर दृष्टीच्या मधोमध आणायची. मुख्य आरसा धरून ठेवणाऱ्या तिन्ही पकडी सारख्याच दिसू लागल्या, की हे काम साधले. एक स्क्रू घट्ट करण्यापूर्वी समोरचा सैल करावा. जोर लावू नये. या पायरीने फोकसरचा अक्ष मुख्य आरशाच्या मध्यावर पोहोचला.

तिसरी पायरी : मुख्य आरशाचा कल. आता मुख्य आरशाच्या आत दुय्यम आरशाचे काळसर प्रतिबिंब दिसेल, आणि त्याच्याही आत आपल्या टोपणाचा पांढरा कागद आणि त्यातले काळे भोक. मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवून हे भोक कडीच्या बरोबर आत आणायचे. बऱ्याच दुर्बिणींत कल देणारे तीन आणि कुलूप लावणारे तीन असे सहा स्क्रू असतात. आधी कुलपाचे स्क्रू सैल करावेत आणि काम झाल्यावर हलक्या हाताने आवळावेत. आवळताना जुळणी थोडी सरकते, म्हणून शेवटी पुन्हा एकदा पाहून घ्यावे.

भोक कडीत आले म्हणजे काय झाले? टोपणातून निघालेला किरण मुख्य आरशाच्या मध्यावर पडून आल्या वाटेने परत आला. किरण आल्या वाटेने परत फिरतो तो फक्त पृष्ठभागावर लंब पडला तरच. आरशाच्या मध्यावरचा लंब म्हणजेच आरशाचा अक्ष. म्हणजे फोकसरचा अक्ष आणि आरशाचा अक्ष आता एकच झाले. पाठ्यपुस्तकातला परावर्तनाचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो.

एका गोष्टीने मात्र गोंधळू नये. सगळे जुळल्यावरही दुय्यम आरशाचे काळे प्रतिबिंब मुख्य आरशाच्या दिशेला किंचित सरकलेले दिसते. तिरप्या आरशाची एक कड मुख्य आरशाच्या जवळ असते आणि तिथे प्रकाशाचा शंकू अधिक रुंद असतो, म्हणून असे होते. आखूड दुर्बिणींत ते जास्त जाणवते. ते 'सुधारण्याच्या' नादात जुळलेले बिघडवू नका.

बाजारात जुळणीसाठी लेसरही मिळतो. तो सोयीचा आहे, पण आधी तो स्वतः सरळ आहे ना ते पाहावे. फोकसरमध्ये तो गोल फिरवताना आरशावरचा लाल ठिपका एका जागी स्थिर राहिला पाहिजे. ठिपका वर्तुळ काढत असेल तर तो लेसर चुकीचीच जुळणी करून देईल. लेसर चालू असताना नळीत कोणीही डोकावू नये.

शेवटचा शब्द ताऱ्याचा

दिवसाच्या जुळणीने काम बहुतेक होते. पण अंतिम निकाल ताऱ्याकडूनच घ्यायचा. त्याआधी दुर्बीण थंड होऊ द्यावी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचा पारा ४० अंशांच्या वर जातो. बंद खोलीतून आरसा बाहेर आणला की तो हवेपेक्षा गरम असतो, आणि त्याच्यावरून उठणाऱ्या गरम हवेत तारा वितळल्यासारखा हलत राहतो. अशा वेळी जुळणी चांगली की वाईट हे कळणारच नाही. निदान तासभर आधी दुर्बीण बाहेर मोकळ्यावर ठेवावी.

तारा कोणता घ्यायचा? पुस्तकांत ध्रुवतारा घ्या असे लिहिलेले असते, कारण तो जागचा हलत नाही. पण ध्रुवाची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते, आणि सोलापूरचा अक्षांश आहे सुमारे १७.७ अंश. युरोपात ध्रुव ५० अंशांवर असतो, इथे तो क्षितिजाजवळच्या धुळीत असतो. इतक्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश, डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने, तिपटीहून अधिक हवेतून येतो आणि तारा फार लुकलुकतो. पुस्तकातला सल्ला इथे जसाच्या तसा उपयोगी नाही.

दुर्बिणीला मोटर नसेल तर अडचण उलटीही आहे. २०० पट मोठे करणाऱ्या नेत्रिकेतून सुमारे १५ कलांचेच आकाश दिसते, आणि विषुववृत्ताजवळचा तारा ते एका मिनिटात ओलांडून जातो. म्हणून मधला मार्ग घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी ब्रह्महृदय हा तारा घ्या. तो उत्तरेकडे असल्याने जवळजवळ दीडपट वेळ क्षेत्रात टिकतो, आणि मध्यमंडलावर सोलापुरातून ६० अंशांहून अधिक उंच असतो. एप्रिल-मे महिन्यांत उशिरा रात्री ध्रुवमत्स्यातला कोचाब घ्या. त्याची उंची ३३ अंशांच्या आसपास असते आणि तो साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ क्षेत्रात राहतो.

सुरुवात १०० पट मोठे करणाऱ्या नेत्रिकेने करा. तारा मधोमध आणून फोकस अगदी थोडा बिघडवा. ताऱ्याभोवती विवर्तनाची वलये दिसू लागतील. जुळणी ठीक असेल तर ही वलये एकाच मध्याभोवतीची असतील. ती एका बाजूला दाटलेली आणि दुसऱ्या बाजूला पसरलेली दिसली, तर आपण कोम्याच्या प्रदेशात आहोत. फोकस फार बिघडवू नये. तसे केल्यास मध्ये जे काळे भोक दिसते ते दुय्यम आरशाची सावली असते. त्यावरून तो आरसा कुठे आहे हे कळते, अक्ष कुठे आहे हे कळत नाही.

आता दुर्बीण किंचित हलवून तारा क्षेत्रात इकडेतिकडे नेऊन पाहा. जिथे वलये सर्व बाजूंनी सारखी दिसतील ते गोड ठिकाण. तारा तिथे ठेवा. मग मुख्य आरशाचा एखादा स्क्रू अगदी थोडा फिरवून तारा तिथून क्षेत्राच्या मध्याकडे आणा. कोणता स्क्रू कोणत्या दिशेला नेतो हे अंदाजाने शोधावे लागते. ताऱ्याची प्रतिमा अक्षाच्या दुप्पट सरकते हे आपण वर पाहिले. त्यामुळे तारा मध्यावर आला तेव्हा अक्ष निम्मीच वाट चाललेला असतो. म्हणून हीच कृती पुन्हा करावी. प्रत्येक वेळी चूक निम्मी होते; दोन-तीन आवर्तनांत काम संपते. शेवटी २०० पटीच्या नेत्रिकेने खात्री करून घ्या.

सुधारणा झाली की नाही हे ठरवायला जोडतारे उत्तम. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पण दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा दिसतो. त्यांच्यात सुमारे १४ विकलांचे अंतर आहे (एका कलेच्या ६० विकला). ते बिघडलेल्या दुर्बिणीतूनही कदाचित सुटे दिसतील. पुनर्वसूतल्या कॅस्टरचे दोन घटक मात्र ५-६ विकलांवर आहेत. शांत हवेत ते दोन वेगळे, गोल ठिपके दिसले, की आपले काम उतरले. १५० मिलिमीटरच्या निर्दोष दुर्बिणीची क्षमता पाऊण विकलेच्या जवळपास असते.

ठिपके गोल न दिसता तिकोनी दिसले तर दोष कलाचा नाही. मुख्य आरशाच्या तीन पकडी फार आवळलेल्या आहेत आणि काच दाबली जात आहे. पकड आणि आरसा यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवावी.

मोठ्या दुर्बिणींनाही हे चुकत नाही

आपलीच दुर्बीण नाठाळ आहे असे कोणी समजू नये. पुण्यात १८८८ मध्ये सुरू झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २० इंची परावर्ती दुर्बिणीने काम केले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ही वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. असा प्रवास झाला की आरसे नव्या जागी पुन्हा जुळवावेच लागतात, दुर्बीण २० इंची असो की सहा इंची. जुन्नरजवळच्या गिरवली येथे आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. तिच्याही आरशांची जुळणी हा देखभालीचाच भाग आहे.

सर्वांत बोलके उदाहरण जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती निघाली तेव्हा तिचा साडेसहा मीटरचा मुख्य आरसा १८ षट्कोनी तुकड्यांचा होता आणि ते घडी घालून नेलेले होते. अवकाशात ते उघडल्यावर २०२२ च्या फेब्रुवारीत तिने सप्तर्षींच्या तारकासमूहातला एक तारा पाहिला. चित्रात एकाऐवजी १८ अस्ताव्यस्त ठिपके आले. प्रत्येक तुकडा आपल्या मर्जीने पाहत होता. शास्त्रज्ञांनी एकेक तुकडा किंचित हलवून कोणता ठिपका कोणाचा ते ओळखले, फोकस मुद्दाम बिघडवून तपासले, आणि काही आठवड्यांत अठरांचा एकच तारा केला. स्क्रू फिरवायला तिथे माणूस नव्हता, छोट्या मोटरी होत्या. पद्धत मात्र आपण शाळेच्या गच्चीवर वापरतो तीच : तारा पाहा, आरसा किंचित हलवा, पुन्हा पाहा.

भीती कशाची?

'स्क्रूला हात लावला आणि कायमचे बिघडले तर?' ही शंका शिक्षकांना हमखास येते. तिचे उत्तर स्पष्ट आहे. स्क्रू फिरवल्याने आरशाची दिशा बदलते, त्याचा आकार बदलत नाही. हबल दुर्बिणीचा आरसाच चुकीच्या आकाराचा घासला गेला होता. हे १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना जाऊन तिच्यावर उपाय करावा लागला. ते स्क्रू फिरवून सुटणारे दुखणे नव्हते. आपले दुखणे तसे आहे. कितीही बिघडले तरी पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करता येते. आरसा पुसण्याचा मोह मात्र टाळावा. थोड्या धुळीने प्रतिमा बिघडत नाही. कोरड्या फडक्याने घासल्यास आरसा खरोखरच कायमचा बिघडतो.

दुर्बीण गावोगाव न्यायची असेल तर ती जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून, आरशाचे टोक खाली येणार नाही अशी आडवी न्यावी. खड्ड्यांतले हादरे चादर बऱ्यापैकी झेलते. तरीही पोहोचल्यावर तिसरी पायरी पुन्हा करावीच. सराव झाला की तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. मुलांची रांग लागण्यापूर्वी ती उरकता येते.

दुर्बिणीच्या पेटीत एक छोटी वही ठेवावी, असे आम्ही सुचवतो. तारीख, हवा, कोणता तारा घेतला, कोणता स्क्रू किती फिरवला, कॅस्टर सुटा दिसला का, एवढे विद्यार्थ्यांनीच लिहायचे. वर्षभरात त्या वहीत त्यांचा स्वतःचा मोजमापांचा संग्रह तयार होतो, आणि नववीच्या मुलांनी शिकलेले पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांना देता येते. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून जवळजवळ कडेने, रेघेसारखी दिसण्याच्या स्थितीत होती. तेव्हापासून ती पुन्हा उघडू लागली आहे, आणि २०३२ च्या सुमारास ती सर्वांत रुंद दिसतील. शनीची ही एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची असते. आज पाचवीत असलेल्या मुलांना कडी उघडताना शाळेच्याच दुर्बिणीतून वर्षागणिक पाहता येतील. त्यासाठी नवी दुर्बीण घ्यायची गरज नाही, असलेलीचे आरसे जुळवलेले हवेत.